मुद्दाम वाकडं

त्या आळीत सरळ घर शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. एका घराच्या खिडक्या माशाच्या आकाराच्या, दुसऱ्याचा जिना बाहेरून वर जाऊन हवेतच संपलेला, तिसऱ्याच्या डोक्यावर किटलीसारखा घुमट. शहरात बऱ्याच जणांना ही आळी ठाऊकही नव्हती. चुकून कुणी आलंच आणि हे वाकडं का म्हणून विचारलं, तर आळीकर एकच शब्द तोंडावर टाकायचे: मुद्दाम.

यातली निम्मी मुद्दामगिरी म्हाताऱ्या गवंड्याच्या हातची. त्याची खरी मिरवायची जागा म्हणजे कोपऱ्यावरच्या घराचा गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला दरवाजा. तो बसवताना तरुणपणीच्या मस्तीत त्याने भार घेणारा एक खांब कुणाला न विचारता कापला होता. आता त्याच घरात त्याची सून पाळणाघर चालवायची. बारा पोरं, त्यात त्याची स्वतःची नात.

मार्चमध्ये त्याने सहज ओळंबा सोडून पाहिला, तर भिंत बोटभर बाहेर झुकलेली. मेमध्ये दोन बोटं, जुलैमध्ये तीन. दर खेपेला तो सुट्टीच्या दिवशी भेगेत गिलावा भरायचा, वर रंग फासायचा आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत घरी यायचा. बोलावं तर जन्मभराची अब्रू जाणार, न बोलावं तर काय, हे तो मनातही पुरतं म्हणत नसे. भित्रा होता, दुसरं काय.

एका सोमवारी ओळंबा चार बोटं दाखवू लागला. त्याने आत जाऊन सुनेला सांगितलं, पोरं बाहेर काढ, भिंत झुकलीय. ती हसली. आयुष्यभर थट्टा करत आलेल्या माणसाचं कोण खरं मानणार? इथे काय झुकलेलं नाही, मुद्दामच ना ते, म्हणत ती दूध तापवायला वळली.

मग त्याने थापीच्या टोकाने गोगलगायीच्या शंखावरचा गिलावा खरवडला. खपलीच निघाली. सुनेने भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत गेला. कडेला गिलाव्याचे तीन थर होते, एकाहून एक ताजे. ते तिने नीट पाहिले आणि पोरं उचलायला लागली.

सगळी रस्त्यापलीकडे पोचल्यावर, झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, कधीपासून ठाऊक होतं?"

"मार्चपासून."

"मी हिला रोज त्याच भिंतीशी झोपवत होते. तुम्ही बघत होतात."

त्याने नातीला घ्यायला हात पुढे केले. सुनेने मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं.