ह्योन-बेच्या गाण्याचा ठेका

"काका, गिटार वाजवताय की बॉयलरचा व्हॉल्व्ह पिळताय?"

गिटार शिकवणाऱ्या बो-राम बाईंच्या या बोलण्यावर वर्गातल्या साऱ्या आज्या फिदीफिदी हसल्या. चांग-मूही हसला. कोरियातल्या कुनसान शहरात, सार्वजनिक न्हाणीघरात त्याने एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. मनगट सैल सोडणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"पुन्हा. खाली. खाली-वर. आता हात खाली येईल, पण तारेला लागणार नाही. मग वर. खाली-वर."

तो तिथेच अडखळायचा. तारेला लावायचं नाही म्हटलं की हात जागीच थांबे आणि ठेका कोलमडे.

"सोपा ठेका देते ना दुसरा. याच्यावाचून काय अडलंय?"

"अडलंय, बाई. हाच पाहिजे. तीन आठवड्यांत."

त्याचा बालमित्र ह्योन-बे महिन्यापूर्वी टायरच्या दुकानात काम करता करता कोसळला होता. उजवं अंग लुळं पडलं. आता तीन आठवड्यांनी मुलगा त्याला कायमचा दूर बुसानला नेणार होता. चांग-मू भेटायला गेला तेव्हा ह्योन-बे जड जिभेने म्हणाला, "डावा हात शाबूत आहे. कॉर्ड मी धरतो, तारा तू छेड. आपलं गाणं एकदा होऊन जाऊ दे."

ते गाणं ह्योन-बेने बाविसाव्या वर्षी रचलं होतं. बंदरावरच्या स्पर्धेत दोघांनी म्हणायचं, असं ठरलं होतं. ठेका चांग-मूकडे. महिनाभर घासूनही तो बसेना. स्पर्धेच्या सकाळी त्याने मैदानाजवळच्या चहाच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, 'आईला ताप भरलाय, येता येत नाही,' आणि दिवसभर एका गोदामामागे बसून राहिला. ह्योन-बेने त्यानंतर दुसरं गाणं रचलं नाही. दोस्ती टिकली. दोघे एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत जेवले, सोजू प्याले. त्या गाण्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

आता चांग-मू बसमध्ये मांडीवर ठेका धरायचा. जेवताना चॉपस्टिक वाटीवर वाजायच्या. "भात तरी सुखाने गिळू दे!" बायको करवादायची. अठराव्या दिवशी तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "किमचीला कोबी किती आणू?" "चार पुरेत," तो म्हणाला, आणि मग लक्षात आलं, बोलतानाही हात चाललाच होता.

ह्योन-बे बुसानला जायच्या आदल्या दिवशी दुपारी चांग-मू इस्पितळात गेला. ह्योन-बेला उशांना टेकवून बसवलं होतं. चांग-मू त्याच्या उजव्या बाजूला खाटेवर खेटून बसला. गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी ठेवली. पण हात उचलेना.

"ह्योन-बे, त्या दिवशी आईला ताप नव्हता."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"नासपती घेऊन बघायला गेलो होतो मी तिला. बाजारात बसून सुकट विकत होती. मलाच विचारते, 'काय रे, कसं झालं दोघांचं गाणं?'"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, छान झालं काकू. खूश झाली. नासपती तिलाच देऊन आलो."

आई अखेरपर्यंत शेजारणींना सांगायची, माझा चांग-मू बंदरावर गायला होता. तो समजायचा, म्हातारीच्या डोक्यात गोंधळ झालाय.

"त्रेचाळीस वर्षं, गाढवा! बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." ह्योन-बेचं तोंड एका बाजूनेच हसलं. "आता वाजव. उद्या गाडी आहे."

चांग-मूने हात सोडला. खाली. खाली-वर. ठेका चुकला नाही. ह्योन-बेची बोटं हळूहळू एका कॉर्डवरून दुसरीवर सरकत होती. शब्द जिभेवर अडत होते, म्हणून तो नुसतं गुणगुणत होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने टीव्हीचा आवाज कमी केला.

दुसऱ्या कडव्यात कॉर्ड खरखरू लागली. बोटांतला जोर संपला होता. एकेक बोट तारेवरून सुटलं. चांग-मू तरी मोकळ्या तारा छेडत राहिला, आणि ह्योन-बे गुणगुणत राहिला, गाणं संपेपर्यंत.

"बरं झालं का रे?" ह्योन-बेने विचारलं.

चांग-मूने मित्राचा डावा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. मऊ पडलेल्या बोटांवर तारांचे लाल वळ उठले होते. तो ते अंगठ्याने चोळत बसला.