आवाजाची रांगोळी

मी एक जुनी पितळी थाळी आहे. माझ्या बरोबर मध्यभागी भोक आहे, म्हणून मला कोणी जेवायला घेत नाही. पण मित्रांनो, मी आवाज डोळ्यांनी पाहिला आहे. तुमच्यापैकी किती जणांना तसे म्हणता येईल?

इतवारी पेठेत गोपाळरावांच्या भांड्यांच्या दुकानात मी चकाकत होते. आमच्याकडे भांडे नुसते पाहून घेत नाहीत, वाजवून घेतात. गोपाळरावांनी टिचकी मारली, मी खणखणले आणि यमुताईंनी मला पसंत केले. त्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मला वाटले, आता रोज वरण-भात आणि सणाला पुरणपोळी. कुठले काय! बाईंनी मला थेट शाळेत नेले, भोक पाडून घेतले आणि उताण्या ठेवलेल्या स्पीकरवरच्या खिळ्यावर घट्ट बसवले. मी फार रुसले.

शेजारी एक यंत्र होते. त्याची कळ फिरवली की एकच सूर निघे आणि हळूहळू चढत जाई. बाईंनी माझ्यावर रांगोळी भुरभुरली आणि कळ फिरवली. माझे अंग थरथरू लागले. रांगोळी उड्या मारू लागली आणि जिथे मी थरथरत नव्हते तिथे जाऊन निमूट बसली. वर्तुळे उमटली! सूर चढला तशी ती मोडली आणि आणखी बारीक नक्षी झाली. कोणाचे बोटही लागले नव्हते. मुली बाकांवरून उठून माझ्याभोवती गोळा झाल्या. माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

शेवटच्या बाकावर उत्तरा बसे, त्याच गोपाळरावांची मुलगी. लहानपणी गोवरात तिचे कान गेले होते. दिवाळीनंतर तिला शाळेतून काढायचे, असे वडिलांनी ठरवले होते. बाईंनी त्यांना एकदा वर्गात येण्याची गळ घातली. ते आले.

"पोरीले ऐकूच येत नाही, बाई. मंग इथं बसून काय शिकून राहिली?"

बाईंनी नुसती कळ फिरवली. नेमकी त्याच दिवशी माझी नक्षी एका बाजूला मोडू लागली. मुली म्हणाल्या, रांगोळी ओली असेल. बाईंनी ती बदलली, तरी तेच. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात उत्तरा उठली. तिने माझ्या कडेवरून बोटे फिरवली आणि एका जागी थांबवली.

"बाबा, इथं चिरली आहे थाळी. इथं थरथर येगळी लागते."

गोपाळरावांनी मला उतरवून टिचकी मारली. मी बद्द वाजले. मग त्यांनी तिने दाखवलेल्या जागी नख फिरवले. तिथे केसाएवढी चीर होती.

"भांडं चिरलं हे मले कानानं समजते," ते बाईंना म्हणाले. "कुठं चिरलं, हे कधीच नाही समजलं." त्यांनी मला मुलीच्या हातात दिले. "दिवाळी झाली की परत शाळेत पाठवून देतो पोरीले."

चीर वाढू नये म्हणून आता मी कपाटात असते. मला चीर गेली याचे दुःख नाही. मित्रांनो, कधी बाहेर काढाल तर मला जपून धरा. आणि वर्गात कोणाला ऐकू येत नसेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याचा हात धरा आणि माझ्या कडेवर ठेवा.