सगुणाच्या जागेवर जातं

कुंडलिकच्या पत्राला गेनबानं उत्तर धाडलं नव्हतं. तसं पाहिलं तर साऱ्या वाडीची पत्रं तोच लिहायचा. कुणाचा लेक मुंबईला गिरणीत, कुणाचा जावई गोदीत. आलेलं पत्र वाचून दाखवायला गेनबा, आणि उलट टपाली 'इकडील सर्व खुशाल' लिहायलाही गेनबाच. पण ज्या एका पत्रावर त्याचं स्वतःचं नाव होतं, ते देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात धूळ खात पडलं होतं.

पालीजवळची ही वाडी राजगडाच्या पायथ्याला चिकटलेली. गेनबा चौथीपर्यंत शिकलेला. श्रावणात देवळात पोथी वाचायचा तेव्हा आवाज खणखणीत निघायचा. पोथी मिटली की तोच आवाज कुठं जायचा ते त्याचं त्याला कळत नसे. कुणी समोर उभं राहून काही मागितलं, की हा आपला पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहायचा आणि शेवटी 'हो' म्हणून मान हलवायचा.

कुंडलिक म्हणजे त्याच्या बायकोचा, सगुणाचा, धाकटा भाऊ. परळच्या कापडगिरणीत साच्यावर कामाला होता. दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं. 'आक्कानं मला कडेवर वागवला. तिनं नसरापूरच्या बाजारापलीकडं काही पाहिलं नाही. सुगी उरकली की तुम्ही, आक्का आणि बनी असे आठ दिवस इकडं या. तिला समुद्र दाखवतो. केव्हा येता ते कळवा.'

सगुणानं पत्र पुन्हा वाचायला लावलं.

"समिंदर म्हंजी केवढा ओ? आपल्या गुंजवणीच्या पुरायेवढा?"

"लई मोठा. पल्याडचा काठच दिसत न्हाई म्हणत्यात."

"काठ न्हाई? मंग पानी राहतंय कसं?"

गेनबानं शाळेतलं काही आठवून पाहिलं, पण नीट सांगता येईना.

सगुणानं चुलीतली लाकडं मागंपुढं केली. मग म्हणाली, "जत्रंला जातो, मयताला जातो, बाळंतपनाला जातो. नुसतं बघाया म्हून आपुन कवा कुठं गेलो? एकदा जाऊ या की."

"भाडं?"

"भाड्याचं म्या बघते. तुमी उत्तर लिवा."

भाड्याचं तिनं खरंच पाहिलं. माघात ती उजाडायच्या आत डालगं घेऊन डोंगरात शिरायची आणि उन्हं डोक्यावर आली की विकायला हिरडा भरून उतरायची. पायाला काटे, केसात पाचोळा. घरातलं तूप लोटी लोटीनं नसरापूरच्या बाजारात जाऊ लागलं. दहा वर्षांच्या बनीच्या ताटातला भात कोरडाच राहिला.

"आये, तूप?"

"समिंदर बघायचाय न्हवं? मंग गप जेव."

पोरगी शहाणी. तिनं आपला एक खेळच केला. नव्या बांगड्या आल्या नाहीत, "समिंदरात गेल्या." शिमग्याला गूळ कमी पडला, "समिंदरात गेला." मायलेकी हसायच्या, आणि भाताच्या कणगीत खुपसून ठेवलेली पुरचुंडी थोडी थोडी फुगत जायची.

उत्तर मात्र गेनबाकडून लिहून होईना. रोज 'उद्या लिहितो' म्हणायचा. पण 'येतो' लिहिलं आणि जाणं झालं नाही तर? आणि आता 'येतो' लिहिलं, म्हणजे 'भाडं धाड' असा तर त्याचा अर्थ होणार नाही? दुसऱ्याचं पत्र लिहिताना शब्द कसे आपोआप यायचे. स्वतःचं लिहायला बसला की टाक वाळून जायचा.

वैशाख लागला. पुरचुंडीत मोटारीचं आणि आगगाडीचं जाण्यायेण्याचं भाडं कसंबसं जमलं. अडचण राहिली म्हशीची. सगळं घर निघालं तर तिला वैरणपाणी कोण करणार, धार कोण काढणार? गेनबा शेजारच्या हैबतीकडं गेला. हैबती वयानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा.

"मुंबईला? कोन मेलं रं?"

"कोन न्हाई, दादा."

"मंग मेव्हन्याच्यात बारसं?"

"न्हाई."

"मंग कशापायी निघालाईसा बिऱ्हाड घिऊन?"

'असंच' हा शब्द गेनबाच्या ओठापर्यंत आला, आणि मागं फिरला. "कुंडलिकनं बोलावलंय," तो कसाबसा म्हणाला.

हैबतीची बायको धोंडाबाई आतून म्हणाली, "काम न्हाई, धाम न्हाई, आन् मुंबईला! आता उन्हाळ्यात हवा खायाला सायेब जात्यात म्हनं, तसं आमचं भावजी चाललं."

हैबती मांडीवर थाप मारून हसला. "जा, गेनू, जा. म्हस बांधतो माझ्या दावनीला. तिची काळजी करू नगंस. पर जाताच हाईसा, तर आमच्या सावळ्याला येवढं एक नेऊन दे."

ते 'येवढं एक' म्हणजे जातं होतं. दोन्ही तळ्या, खुंट्यासकट.

"गिरनीच्या पिठानं माझ्या लेकाचं प्वाट धरत न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "पत्रात तुमीच वाचून दावलं न्हवं का, भावजी?"

वाचून दाखवलं होतं खरं. गेनबानं अंगठ्यानं माती उकरली, आणि मान हलवली.

दिवस मावळायच्या आत वाडीभर झालं. कोंडाबाई आंबेमोहोराची पिशवी घेऊन आली, कोणी नाचणीचं पीठ आणलं, कोणी लोणच्याची बरणी, कोणी तुपाचा डबा. ज्या तूपभातावाचून बनीनं उन्हाळा काढला, ते तूप दुसऱ्याच्या लेकासाठी ओसरीवर येऊन बसलं. आणि पत्ता कुणीच सांगितला नाही. "गेनबाला ठावं हाय," एवढंच. ठाऊक तर असणारच. सगळ्या पत्रांवर पत्ता त्याच्याच हातचा.

"न्हाई म्हना की ओ," सगुणा दबक्या आवाजात म्हणाली.

"कसं म्हनू? हैबतीदादाचं घेतलं, मंग कोंडावैनीचं कसं टाकू?"

"आन् हैबतीदादाचं तरी का घेतलं?"

"म्हस त्येंच्याकडं हाय ना," गेनबा म्हणाला.

सगुणानं ओसरीवरची गाठोडी बांधायला घेतली.

नसरापूरला बाजाराला निघालेल्या एका बैलगाडीत ते बसले. सगुणानं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं, बनीच्या वेणीला तेल चोपडलं होतं. पोरगी जात्यावर बसून दोन्ही बाजूंचे डोंगर बघत होती. विंझर मागं पडलं, मार्गासनी मागं पडली. सगुणा एकसारखी काहीतरी विचारत होती: आगगाडी थांबवतात कशी, मुंबईला रातच्याला दिवं कोन लावतं. गेनबाला वाटलं, एवढी बोलताना आपण हिला लग्न झाल्यापासून पाहिली नाही.

नसरापूरला मोटार उभी होती. एजंटानं गाठोडी पाहिली, जात्याला बूट लावून पाहिला.

"हे काय? घर बांधताय का मुंबईला?"

"जातं हाय जी."

"दिसतंय. टपावर चालणार नाही, टप बसेल. आत ठेवावं लागेल, म्हणजे एका माणसाची जागा गेली. बाकीच्या सामानाचं वेगळं. आणि हे इथलं झालं. पुण्याला आगगाडीत पुन्हा वजन करतील, ते ध्यानात ठेवा."

गेनबानं हिशेब केला. पुन्हा केला. दोन्ही वेळा तो एकाच माणसाच्या भाड्यापाशी येऊन थांबला.

"हितं कुनाच्या दुकानात ठेवू या समदं," सगुणा म्हणाली. "येताना घिऊन जाऊ."

"आन् दादाला काय सांगू?"

"न्हेता आलं न्हाई म्हून सांगा."

"त्येनं आठ दिस म्हस सांभाळायची, आन् आपुन त्येचं जातं नसरापुरात टाकून मुंबई बघायची? वाडीत तोंड कसं दावू?"

एजंटानं भोंगा वाजवला. "काय ते ठरवा! मोटार थांबायची नाही."

गेनबा मातीकडं बघत उभा राहिला. अंगठा हलत होता. सगुणानं त्याच्याकडं पाहिलं, अंगठ्याकडं पाहिलं, आणि बनीला बैलगाडीतून खाली उतरवून घेतलं.

"तुमी जावा," ती म्हणाली. "आमी येतो माघारी. बाजाराची गाडी सांजच्याला परतंलच."

"सगुना..."

"बसा म्हनते ना. मोटार जाईल."

दोघा हमालांनी जातं उचललं आणि खिडकीजवळच्या जागेवर ठेवलं. गेनबा शेजारी बसला. मोटार हलली तेव्हा त्यानं बाहेर पाहिलं. हिरवं लुगडं धुळीत दिसेनासं झालं. खिंडीत मोटार उसळायची, जातं कलंडायचं, आणि तो दर वेळी हात लावून त्याला सावरत होता.

मुंबईत त्यानं पहिले दिवस गाठोडी वाटण्यात घालवले. ह्या चाळीतून त्या चाळीत, डोक्यावर ओझं घेऊन. सावळ्याची बायको जातं बघून हसायलाच लागली. "काका, खाली चक्की हाय की! आन् वर दळाया बसलं तर खालचं बिऱ्हाड भांडाया येतंय." सावळ्यानं आईच्या आठवणीनं जात्यावरून हात फिरवला, पण त्यानंही ते खोलीत घेतलं नाही. जिन्याखाली नळापाशी ठेवलं. निघायच्या दिवशी गेनबा तिकडून गेला, तर वरच्या तळीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

आल्या दिवशी कुंडलिकनं दार उघडलं तेव्हा आधी गेनबाच्या मागं बघितलं होतं.

"आक्का कुठाय?"

गेनबानं अडखळत सगळं सांगितलं. कुंडलिक ऐकत राहिला. मग म्हणाला, "एक कार्ड टाकायचं व्हतं, दाजी. येताय म्हून नुसतं कळवलं असतं, तर मी नसरापूरला न्यायला आलो असतो. समदं केलं असतं." तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो रोज म्हणायचा, चला समुद्रावर. गेनबा रोज नाही म्हणायचा. "तुझी आक्का येईल तवा बघू." जन्मात पहिल्यांदा तो कशाला तरी ठाम नाही म्हणत होता, आणि मनातून त्याला त्याचं थोडं बरंही वाटत होतं.

घरी परतला. म्हैस हैबतीच्या दावणीवरून आणली. "सावळ्यानं जातं बघितलं? काय म्हनला?" धोंडाबाईनं विचारलं. "लई खूस झाला," गेनबा म्हणाला. तिनं पदरानं डोळे पुसले.

सगुणा भाकऱ्या थापत होती.

"समिंदर कसा हाय?"

"बघितला न्हाई."

तिचा हात परातीत थांबला. "का?"

"तुझ्याबिगर कसा बघू?"

वाटेभर त्यानं हे वाक्य जपून आणलं होतं. सगुणानं तव्यावरची भाकरी ओढून चुलीपुढं टाकली.

"म्हंजी माझं भाडं दगडाला गेलं, आन् तुमचं फुकट गेलं. आवं, तुमाला वाचाया येतं, सांगाया येतं. तुमी बघितला असता तर म्या तुमच्या तोंडून तरी बघितला असता. त्येवढं बी आनलं न्हाई तुमी."

कोपऱ्यातून बनी सवयीनं म्हणाली, "समिंदरात गेलं."

कुणी हसलं नाही.

पुढच्या साली हिरड्याचा भाव पडला. त्याच्या पुढच्या साली बनीचं लग्न झालं, ती किकवीला नांदायला गेली आणि कणगीतलं होतं नव्हतं तिच्या लग्नात गेलं. सगुणा डोंगरात जायची ती जातच राहिली. समुद्राचं नाव तिनं काढलं नाही. गेनबा दुसऱ्यांची पत्रं लिहीत राहिला.

मग एका माघात तिनं पुरचुंडी त्याच्यापुढं ठेवली. "खानारं तोंड कमी झालं," ती म्हणाली. "आता लवकर साठतंय. एका मानसाचं झालंय."

"बनीला बी न्हे. तिचं मी बघतो कुठनं तरी."

"म्या इचारलं तिच्या सासूला. म्हनली, नुसतं बघाया? आमच्यात तशी रीत न्हाई."

गेनबानं पुरचुंडी उचलून तिच्या हातात ठेवली. "मंग तूच जा. म्हशीपाशी मी राहतो," तो म्हणाला. "हैबतीदादाला इचारायचं कामच न्हाई. कुंडलिक नसरापुरात येईल न्यायला."

सगुणा त्याच्याकडं वळली. "हे तवा का न्हाई सुचलं?"

तो म्हशीपाशी राहिला असता, तर जातंही आलं नसतं. तेव्हा बनीला घेऊन ती गेली असती. तेवढ्यांचं भाडं पुरलंही असतं. त्याचा अंगठा पुन्हा मातीत गेला.

"आन् कुनी गाठोडी आनली तर?" त्यानं विचारलं.

"म्या म्हनंन, मला वाचाया येत न्हाई, बाई. पत्त्याचं मला काय कळतंय?" आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. "हाय का कुनाची टाप?"

गेनबानं कोनाड्यातलं पत्र काढलं, धूळ झटकली, ते पुन्हा एकदा वाचलं. मग कार्ड घेऊन बसला. 'तुझं पत्र पावलं. उत्तरास वेळ लागला. आक्का वैशाखात येते आहे. एकटी येते, नसरापूरला न्यायला ये. सोबत सामान काही नाही. तिला समुद्र दाखव, आणि ती घाई करील तरी तिथून लवकर उठवू नकोस.' 'इकडील सर्व खुशाल' लिहायला टाक टेकवला, आणि ती ओळ न लिहिताच उचलला.

कार्ड घेऊन तो नसरापूरला चालत गेला. पेटीजवळ हैबती भेटला, बाजाराला आलेला.

"कुनाचं पत्र रं, गेनू?"

"माझं."

"तुझं? कशापायी लिवलंस?"

"असंच," गेनबा म्हणाला, आणि कार्ड पेटीत सोडलं. ते फटीत अडकलं तर नाही ना, म्हणून बोटं आत घालून चाचपून पाहिलं.