ताईच्या तोंडी परका आवाज

धाकटीचं लग्न ठरून मोडलं आणि मोडून पुन्हा जुळलं, त्याच वर्षी ताईने वॉर्डाची निवडणूक लढवायचं मनावर घेतलं. ताई दवाखान्यात नर्स. अर्ध्या वॉर्डातल्या पोरांना पहिली सुई तिनेच टोचलेली. दादाचं सोफे मढवायचं दुकान. प्रचाराची कचेरी तिथेच, उसवलेल्या खुर्च्यांमध्ये.

मतदान तोंडावर आलं आणि मोबाईलवर एक व्हिडिओ फिरू लागला. चेहरा ताईचा, आवाज हुबेहूब तिच्यासारखा बनवलेला. म्हणे, "लस शिळी असली तरी काय झालं, गरिबांच्या पोरांना चालते." कुणी बनवला, पैसे कुणी भरले, पत्ता नाही. कोपऱ्यात 'प्रायोजित' एवढंच बारीक अक्षरात. ताईने ज्यांच्या जखमा फुकट बांधल्या, तेही तो पुढे ढकलत होते. बोट हलवायला डोकं थोडंच लागतं!

दादा भडकला. त्याने सगळे नातेवाईक दुकानात गोळा केले. "व्हिडिओखाली प्रत्येकाने लिहा, हे खोटं आहे म्हणून. एकही सुटता कामा नये."

"शिव्या चालतील?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला दुसरं येतं काय?" काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी लिहिलं. काकांनी तर जन्माची हौस भागवून घेतली. समोरून उलट शिव्या आल्या, भांडण जुंपलं, आणि संध्याकाळपर्यंत ज्यांनी पाहिला नव्हता त्यांच्याही हातात व्हिडिओ पोचला. छापखानेवाला पत्रकं द्यायला आला होता. त्याने कपाळावर हात मारला.

"अहो दादा, व्हिडिओ फिरवणाऱ्या कंपनीच्या यंत्राला खरं-खोटं कळत नाही. जिथे भांडण तिथे गर्दी, जिथे गर्दी तिथे त्यांचा गल्ला. विझवायला गेलात आणि रॉकेल ओतून आलात!"

दादाने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, 'आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. आपला दिवस शुभ असो.' मग तो त्यांच्या काचेच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. टेबलामागची मुलगी गोड हसली.

"सर, इथे फक्त जाहिराती घेतो. तक्रारी बाहेरच्या देशात बघतात."

"कोण बघतं?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत."

"म्हणजे पैसे घ्यायला हात इथे, आणि कान साता समुद्रापलीकडे?"

"सर, पाणी घेणार?"

घरी त्याहून वाईट. आईला साखरेचा आजार. रोज सकाळी ताईच तिला सुई द्यायची. शेजारणीने मोठ्या जिव्हाळ्याने तिला व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दिवशी आईने हात पांघरुणात ओढून घेतला.

"आई, तो आवाज माझा नाही गं."

"मला शिकवतेस? पाळण्यात होतीस तेव्हापासून ऐकतेय तुझा आवाज."

दादाने समजावलं, धाकटी पाया पडली. दुसरी नर्स आणली, तर आई म्हणाली, "ही पण त्याच दवाखान्यातली." दादाने पुन्हा विषय काढला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "एवढी मोठी कंपनी. खोटं असतं तर त्यांनी काढलं नसतं?"

याचं उत्तर कंपनीकडेच होतं, पण ते देणं कंपनीच्या सोयीचं नव्हतं.

ताई पडली. निवडून आलेल्या गृहस्थाला दवाखाना कुठल्या गल्लीत आहे हेही विचारावं लागलं.

असंच आणखी कितीतरी ठिकाणी घडलं होतं. लोक बोंबलले, ताईसारखे पुष्कळजण साक्षीला गेले, आणि शेवटी कायदा झाला. तक्रार ऐकायला नावानिशी माणूस बसवा, जाहिरातीचे पैसे कुणाचे ते दाखवा, बनावट आवाज मुदतीत काढा. नाहीतर कमाईतून दंड. कंपनीने गळा काढला, बोलण्याचं स्वातंत्र्य मेलं म्हणून.

"ताईचा आवाज चोरला तेव्हा हे स्वातंत्र्य कुठे शेण खात होतं?" दादा म्हणाला.

नाक दाबलं की तोंड उघडतं. ज्यांना व्हिडिओत काही वावगं दिसत नव्हतं, त्यांना एका दुपारीत सगळं दिसलं. व्हिडिओ गेला. पैसे भरणाराही बाहेर आला. निवडून आलेल्या गृहस्थाचा मेव्हणा. ताईला कंपनीचा निरोप आला, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

"गैरसोय म्हणे," ताई म्हणाली आणि कामावर निघून गेली.

कायदा लागू झाला जूनमध्ये. आई वारली त्याच वर्षी जानेवारीत, मुलीच्या हातची सुई शेवटपर्यंत न घेता.