कोपऱ्यातून धरा

सोनिवलीच्या त्या भावकीत फोटोचा आकार ही साधी गोष्ट नव्हती. चौकात वाढदिवसाचा बॅनर लागला की ही मंडळी आधी कुणाचं तोंड केवढं आलंय ते बघणार आणि मग वाढदिवस कुणाचा ते वाचणार. शुभेच्छुकांच्या रांगेत आपला फोटो चुलतभावापेक्षा बोटभर लहान आला म्हणून वर्षभर अबोला धरलेली घरं तिथे होती. अशा भावकीच्या वार्षिक मेळाव्यासाठी सगळ्या घरांची पुस्तिका करायचं काम संजीवनीने हौसेने अंगावर घेतलं. भाबडेपणा म्हणतात तो हाच.

संजीवनी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. दिवसभर कॉम्प्युटरशी गाठ, त्यामुळे "आपली सून करेल की" असं मेळाव्याच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं आणि काम तिच्या गळ्यात पडलं. नियम रघुतात्यांनी घातले. रघुतात्या भावकीतले सगळ्यात वडील, आणि नियम घालायला मिळाले की त्यांची तब्येत सुधारायची. घराला एक पान. पानावर वर घरधन्याचं नाव, खाली कुटुंबाचा फोटो, त्याखाली चार ओळी माहिती. फोटो सगळ्यांचे सारखे.

संजीवनीने ऑनलाइन डॉक्युमेंट केलं, सगळ्या घरांचे फोटो चढवले आणि "आपापलं पान तपासून घ्या" असं लिहून लिंक ग्रुपवर टाकली. लिंक बनवताना लोकांना नुसतं बघण्याची नाही, बदल करण्याचीही मुभा ठेवली. माणसं समजूतदार आहेत, नावातली एखादी चूक असेल तर आपली आपण दुरुस्त करतील, असा तिचा हिशोब.

समजूतदार माणसांनी एका रात्रीत पुस्तिकेचा बाजार उठवला. आधी एका घराने आपला फोटो ओढून जरासा मोठा केला. ते पाहून समोरच्या घराने आपला पानभर केला. फोटो तिने मजकुराच्या ओळीतच बसवलेले, त्यामुळे एक फुगला की त्याच्या खालचं सगळं पुढच्या पानावर ढकललं जायचं. सकाळी उघडून बघते तो बदलापूरच्या घराची माहिती वांगणीच्या घराच्या फोटोखाली, आणि कुणाची नवी सून भलत्याच घरात जाऊन उभी.

"वहिनी, आमची प्रीती त्यांच्या पानावर कशी गेली?"

"तुम्ही काही ओढलंत का?"

"आम्ही? आम्ही तर हातपण नाही लावला!"

हात कुणीच लावला नव्हता. फोटो आपोआपच वाढले होते, पावसाळ्यात गवत वाढतं तसे. संजीवनीने सगळ्यांची मुभा काढून घेतली. बदल करता येणार ते फक्त तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, अक्षयच्या, खात्यावरून. मग एकेक फोटो धरून सगळ्यांची रुंदी एक केली, मजकूर फोटोभोवती राहील असं केलं आणि फोटो पानावर जागच्या जागी पक्के केले, की आता मजकूर इकडचा तिकडे झाला तरी फोटो हलायचं नाव घेणार नाही. भावकी शांत झाली. म्हणजे सगळेच सारखे नाराज झाले, आणि भावकीत त्यालाच शांतता म्हणतात.

पण संजीवनीचं स्वतःचं मन शांत नव्हतं, कारण पुस्तिकेत बनूआत्या नव्हती.

बनूआत्या म्हणजे तिच्या सासऱ्यांची, हिंदुरावांची, थोरली बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत परत आली. नवऱ्याने दुसरी केली होती. माहेरी आली तर आई अंथरुणाला खिळलेली, पुढे ती गेलीच, आणि पदरात पडला हा धाकटा भाऊ. आत्याने रानातली करवंदं, जांभळं, परसातली भेंडी टोपलीत भरून बदलापूर स्टेशनाबाहेर विकली. भावाला शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न केलं. कुडाच्या भिंती पाडून विटांचं घर उभं केलं तेही तिनेच. आता थकली होती, पण भेंडी निवडायला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही.

बैठकीत संजीवनीने तिचा विषय काढला तेव्हा रघुतात्या म्हणाले, "लेकीचं लग्न झालं की ती दुसऱ्या घरची. इथे घरांची पानं आहेत. तिचं घर कुठलं?"

सासरच्या भावकीने तिला कधीच सोडलं होतं. माहेरच्या भावकीत ती कुणाच्या मोजणीत येत नव्हती. संजीवनीने सासऱ्यांकडे, आप्पांकडे, पाहिलं. आप्पा नखाने सतरंजीचा दोरा उसवत बसले होते. संजीवनीला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की घरी येऊन तिने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला तो आवाज करून.

मग तिने आपल्या परीने मार्ग काढला. स्वतःच्या घराच्या पानावर, माहितीच्या खाली उजव्या कोपऱ्यात, आत्याचा फोटो घातला. ओट्यावर भेंडी निवडताना आत्याने "काय गो?" म्हणून मान वर केली होती, तेव्हा मोबाइलवर टिपलेला. तिकिटाएवढा. तात्यांच्या चष्म्यातून दिसणार नाही इतका लहान, आणि आत्या पुस्तिकेत आहे असं स्वतःला सांगता येईल इतका मोठा. हे काही खरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण निदान काहीतरी.

छपाईला द्यायचा दिवस उजाडला. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर उल्हासनगर कॅम्प तीनला जाऊन प्रेसवाल्या शेठला फाइल द्यायची होती. दुपारी डबा खाता खाता तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डॉक्युमेंट शेवटचं उघडलं आणि तिचा घास हातातच राहिला.

त्यांच्या पानावरचा आत्याचा फोटो मोठा झाला होता. नुसता मोठा नाही, आडवा पसरला होता. काडीसारखी बनूआत्या भाकरीसारखी गोल गरगरीत दिसत होती. आणि वरचा कुटुंबाचा फोटो, ज्यात आप्पा मधोमध खुर्चीत बसले होते, तो आक्रसून उभट झाला होता. आप्पा बांबूसारखे.

"परत सुरू झालं यांचं!" ती पुटपुटली. पण मुभा तर तिने काढली होती. उरलं अक्षयचं खातं, आणि अक्षय कारखान्यात पहिल्या पाळीला. पाळीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

तेवढ्यात पानावर काहीतरी हललं. अक्षयच्या नावाची चिमुकली पट्टी लावलेला कर्सर फोटोच्या बाजूला येऊन उभा राहिला, बिचकला, पुढे सरकला. कुटुंबाचा फोटो तिच्या डोळ्यांदेखत आणखी थोडा आक्रसला. तिथे कुणीतरी होतं. आत्ता. या क्षणी.

अक्षयचं खातं घरातल्या टॅबवरही उघडलेलं असतं. टॅबवर आप्पा दुपारचं कीर्तन ऐकतात.

आप्पा!

ज्या माणसाने आजवर घरात स्वतःहून टीव्हीचा आवाज कमी केला नव्हता, तो जाड बोटाने फोटोची कड धरून ओढत होता. स्वतःचा फोटो लहान करत होता आणि बहिणीचा मोठा. पण धरत होता बाजूचा ठिपका, त्यामुळे एकीकडे माणसं चेपत होती आणि दुसरीकडे फुगत होती. संजीवनीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने फोटोखाली हळूच टाइप केलं.

"आप्पा, कोपऱ्यातला ठिपका धरा. बाजूचा धरला की माणूस पसरतो."

कर्सर जागीच थिजला. चोरी पकडल्यासारखा. ऑफिसातला पंखा गरगरत होता, आणि संजीवनीला वाटलं, लाजून टॅब बंद केला की काय यांनी. मग एक अक्षर उमटलं. थांबून दुसरं.

"बरं"

सासू गेल्यापासून या दोघांत "जेवायला वाढू?" आणि "वाढ" याच्यापुढे फारसं बोलणं होत नसे. आज ती दोघं एकाच पानावर होती, एक अंबरनाथला, एक सोनिवलीला. फोटो कोपऱ्यातून हलला. आत्या हळूहळू बारीक झाली, तिचा चेहरा तिचा झाला, मग तशीच्या तशी वाढत गेली, इतर घरांच्या फोटोंएवढी होऊन पानाच्या मधोमध येईपर्यंत. कुटुंबाचा फोटो लहान होत होत खालच्या उजव्या कोपऱ्यात गेला. तिथून तो दोनदा निसटून मजकुरामागे लपला. संजीवनीने इकडून त्याला पुढे आणलं आणि जागेवर पक्कं केलं.

"जमलं," असं तिने टाइप करायला घेतलं, तर कर्सर वर शीर्षकाकडे चालला होता. तो नावाच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि नाव शेवटाकडून पुसलं जाऊ लागलं. 'हिंदुराव'मधला व गेला. रा गेला. आप्पांचा हात चुकून लागला असं वाटून तिने परत आणायला माउस पकडलाही, पण तिचा हात थांबला. सगळं नाव गेलं. कोऱ्या जागी, एकेक अक्षर शोधत, नवं नाव आलं.

"बनूबाईचं घर"

संजीवनीने डब्याचं झाकण लावलं.

"आप्पा, रघुतात्या काय म्हणतील?"

"तात्यांचं मी बघतो. तू छापायला दे."

संजीवनीने दोघांचं टाइप केलेलं बोलणं पानावरून पुसून टाकलं.

कॅम्प तीनमध्ये प्रेसवाल्या शेठने स्क्रीनवर पानं सरकवत मध्येच बोट ठेवलं. "मॅडम, बाकी सगळे फॅमिली फोटो बडे, ये एकच पान उलटा? गलतीने झाला काय?"

"गलती नाही शेठ. असंच छापा."

"पक्का ना? बाद में बोलू नका."

"पक्का," ती म्हणाली, आणि शेअर रिक्षात बसल्यावर तिला पहिल्यांदा शंका आली. आप्पा बोलतील, असं ती धरून चालली होती. बैठकीत बोलले नव्हते. पुन्हा गप्प बसले तर आत्याचीच चारचौघांत शोभा होणार होती.

मेळावा वांगणीला, एका चुलतदिराच्या फार्महाउसवर होता. पुस्तिका वाटल्या गेल्या आणि प्रत्येकाने आधी स्वतःचं पान उघडून शेजाऱ्याच्या पानाला लावून मापलं. सारखंच भरल्यामुळे जरा वेळ कुणाला काही बोलता येईना. मग रघुतात्यांचा चष्मा एका पानावर थांबला.

"हिंदुराव, हे काय? तुझं पान कुठाय?"

संजीवनी आत्याच्या शेजारी बसली होती. तिने नकळत आत्याचा हात धरला. आप्पा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, बोलायला त्याहून जास्त.

"माझं पान नाय तात्या. माझं घर कुठंय? मी बनूबायच्या घरात राहतो. भिंती तिच्या, चूल तिची. मी, माझा पोरगा, सून, सगले तिच्याकडं राहतो. नियम तुझाच हाय, घराला एक पान. मग ज्याचं घर त्याचं नाव."

स्वतःच घातलेला नियम रघुतात्यांना कुठूनच मोडता येईना. शेवटी ते पान उलटून पुढचं बघू लागले, म्हणजे मान्य.

आत्याला वाचता येत नव्हतं. संजीवनीने शीर्षकावर बोट फिरवून तिला वाचून दाखवलं. आत्याने पुस्तिका डोळ्यांजवळ नेली.

"ही मी. आन् यो कोपऱ्यात कोण?"

"मी," आप्पा म्हणाले.

"येवढासा?"

"तू मना कडेवर घेतलंस तवा येवढासाच होतो."

"गप रं बाला," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज फुटला होता. आप्पांनी तोंड फिरवून खिशात रुमाल शोधायला सुरुवात केली.

जेवणं झाली. पंगत उठायच्या आधी कुणीतरी घरधन्याने उभं राहून पुढच्या वर्षीचं आमंत्रण द्यायचं, अशी या भावकीची रीत आहे. ज्याचं घर, त्यानेच बोलवायचं. दरवर्षी दोन-तीन जण एकमेकांकडे बघत बसतात, कारण एवढ्या माणसांचं रांधायचं म्हणजे चेष्टा नाही. यंदाही तसेच बसले होते. तेव्हा संजीवनीच्या हाताला धरून बनूआत्या उभी राहिली. इतक्या वर्षांत या पंगतींत तिने भात वाढला होता, भांडी घासली होती, पोरं झोपवली होती. बोलावणं करायला ती कधी उभी राहिली नव्हती, कारण कुठे या म्हणून सांगायचं हा प्रश्नच होता.

"पुढच्या साली," ती म्हणाली, आणि आवाज सगळ्यांपर्यंत पोचावा म्हणून थांबून पुन्हा म्हणाली, "पुढच्या साली सगल्यांनी माझ्या घरी यायचं."

रघुतात्यांनी हात धुता धुता मान वर केली. "येऊ, बाय," ते म्हणाले.