दोन मिनिटांची मोटार

मी एक जुनी मोटार. रंग फिका निळा, दरवाजे चार, त्यांतला मागचा डावा आतून उघडत नाही. मित्रांनो, मला भंगारात द्यायचे ठरले होते. रविवार ठरला होता, न्यायला येणारा माणूसही ठरला होता. आणि मला तर धड काही झालेलेच नव्हते. पण ते सांगायला मला तोंड नव्हते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. रंगाच्या भट्टीतली ऊब आठवते. एका कामगाराने दार नीट बसते का हे बघायला ते पुन्हा पुन्हा आपटले, तेही आठवते. मग दुकानाच्या काचेमागे मी दीड महिना उभी होते. शेवटी एक परिचारिका ड्यूटी संपवून तशाच आल्या. त्यांनी ना रंग विचारला, ना वेग. थंडीत पहाटे पहिल्या चावीला सुरू होते का, एवढेच विचारले. तेव्हापासून त्या माझ्या बाई झाल्या.

बाईंचे यजमान बाइंडर. फाटकी पुस्तके नवी करून द्यायचे. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मागे घेतले ते थेट फाटकाच्या खांबावर. बाई हसून हसून पायरीवर बसल्या. बाइंडर रुसले नाहीत, पण स्टीअरिंगला पुन्हा हात म्हणून लावला नाही. लायसन्स पाकिटात गेले आणि बाइंडर शेजारच्या सीटवर.

पुढची एकोणीस वर्षे आमचा क्रम ठरलेला होता. सकाळी बाई येऊन चावी फिरवत आणि इंजिन चालू ठेवून बसत. थोड्या वेळाने बाइंडर येत. त्यांना कामावर सोडून बाई दवाखान्यात जात. सोमवारी दिवे, वायपर, पंखा सगळे लावून बघत. त्यांची लेक माझ्या मागच्या सीटवर पाढे म्हणत मोठी झाली आणि लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. "आमच्या गाडीने कधी दगा दिला नाही," असे बाई भेटेल त्याला सांगत. मला ते ऐकायला फार आवडायचे.

मग बाई आजारी पडल्या. तपासणीला आधी स्वतः मला घेऊन जात, पुढे लेक नेऊ लागली. एका दुपारी लेक आणि बाइंडर दोघेच परत आले. लेकीने चावी खिळ्याला अडकवली.

मित्रांनो, त्यानंतर मला कोणी विसरले असे समजू नका. उलट माझी इतकी बडदास्त कधीच झाली नव्हती. बाइंडर रोज सकाळी माझे आवरण काढत, काच पुसत, चाकांच्या वाट्या घासत. तरीही महिन्याभरात माझी बॅटरी उतरली. चावी फिरवली की नुसते टकटक.

एका गॅरेजवाल्याने नवी बॅटरी बसवली. तीही उतरली. दुसऱ्याने इंजिनचा पट्टा सैल आहे म्हणून पट्टा बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्याने अल्टरनेटरवर बोट ठेवले. इंजिन फिरत असताना वीज तयार करून बॅटरीत भरणारा तो भाग. तो गेला आहे, आणि एवढ्या जुन्या गाडीला नवा घालण्यात अर्थ नाही, असे तो म्हणाला. दर वेळी लेक रजा टाकून यायची, तिच्या गाडीची वायर जोडून मला सुरू करून द्यायची. शेवटी तिचाही धीर सुटला.

"बाबा, गाडीने माणसाला न्यायचं असतं. ही तुम्हालाच ओढायला लावतेय," ती म्हणाली. बाबा दिवसभर माझ्याभोवती घुटमळतात, फाटकाबाहेर पडत नाहीत, याची तिला काळजी होती. तिने रविवार ठरवून टाकला. बाइंडर नुसतेच माझ्या छतावरून फडके फिरवत राहिले.

गुरुवारी मात्र ते चौकातल्या मीटरमामांना घेऊन आले. हे गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे म्हातारे गृहस्थ. वीज मोजायचा मीटर लावल्याशिवाय कशालाच हात लावायचे नाहीत, म्हणून हे नाव. चहासुद्धा मीटर लावूनच पितात, अशी त्यांची थट्टा व्हायची.

मामांनी आधी वायर जोडून मला सुरू केले. बॅटरीवर मीटर धरला. आकडा चौदा व्होल्टच्या वर गेला. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत होता. मग मला बंद करून त्यांनी बॅटरीची एक तार सोडवली, मधे मीटर जोडला आणि बंद गाडीत वीज कुठे गळते का ते पाहिले. एकेक फ्यूज काढला, लावला. घड्याळापुरती चिमूटभर वीज जात होती, तेवढी चालते. मामांनी डोके खाजवले. बॅटरी दुकानात नेऊन रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी आणून बसवली.

"आता तुम्ही रोज काय करता ते करा. मी नुसता बघतो," ते म्हणाले.

बाइंडरांनी काच पुसली. दार उघडून आपल्या नेहमीच्या जागेवर, शेजारच्या सीटवर बसले. तिथूनच वाकून हात लांबवला आणि चावी फिरवली. मी सुरू झाले. मग त्यांनी दिवे लावले, वायपर लावले, पंखा लावला. मनगटावरचे घड्याळ धरून बसले. दोन मिनिटे झाली तसे सगळे बंद केले आणि उतरून माझ्यावर आवरण घालू लागले.

मामांनी आवरणाचे दुसरे टोक धरले. "किती दिवस चाललंय हे?"

"ती गेल्यापासून. रोज. एक दिवस चुकवला नाही."

"अहो काका, एकदा चावी फिरवली की बॅटरीतून मोठा घास जातो. तो भरून यायला गाडी अर्धा तास तरी धावायला हवी. तुम्ही रोज घास काढताय, वर दिवे लावून आणखी काढताय आणि भरायची वेळ आली की बंद करताय. गाडीला काही झालेलं नाही. उपाशी आहे ती."

मित्रांनो, मला हॉर्न वाजवावासा वाटला.

पण बाइंडरांना ते पटेना. "ती एकोणीस वर्षं असंच करायची," ते म्हणाले. "रोज दोन मिनिटं गाडी चालू ठेवायची. मी खिडकीतून बघायचो ना."

"तुम्ही काय करत असायचात तेव्हा?"

"मी? गॅस बघायचो. कुलूप लावायचो. मग एकदा ओढून बघायचो."

मामांनी आवरणाचे टोक खाली ठेवले. मग हळूच म्हणाले, "मग त्या गाडीसाठी नाही थांबायच्या, काका. तुमच्यासाठी थांबायच्या."

बाइंडर आवरणाचे टोक हातात घेऊन तसेच उभे राहिले. मामा हत्यारे पुसत बसले, एकदाही वर पाहिले नाही. मग बाइंडरांनी आवरण पुन्हा ओढून काढले, घडी घातली आणि मामांना विचारले, की शेजारी बसाल का.

त्या दिवशी आणि शनिवारी, बंद पडलेल्या गिरणीच्या मोकळ्या आवारात आम्ही फेऱ्या मारल्या. मी निदान वीस वेळा बंद पडले. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या गिअरला मामांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते पुढे सगळ्यांना सांगत, की आपल्याला डुलकी लागली होती.

रविवारी सकाळी लेक भंगारवाल्याला फोन लावत घराच्या पायऱ्या उतरत होती. तेवढ्यात तिच्या फाटकासमोर मी येऊन उभी राहिले. फुटपाथपासून हातभर लांब, जरा तिरकीच. शहर ओलांडून आले होते, बाइंडर एकटेच. तिने आधी मला पाहिले, मग स्टीअरिंगवरच्या वडिलांना. फोन पलीकडून बोलत होता. तिने तो बंद केला.

"बस," बाइंडर म्हणाले आणि शेजारचे दार आतून ढकलून दिले.

"कुठे जायचंय, बाबा?"

"कुठेही चालेल. अर्धा तास हिंडायचंय फक्त."

ती बसली. आम्ही अर्धा नाही, दीड तास हिंडलो.

मित्रांनो, आता मी आठवड्यातून तीनदा बाहेर पडते. बॅटरी तीच आहे. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी एखादी गाडी, एखादी सायकल, एखादी बाजाची पेटी किंवा एखादे माणूस बरेच दिवस एका जागी बसून असेल, तर नुसती धूळ पुसून परत फिरू नका. त्यांना घेऊन बाहेर पडा. सुरुवातीला थोडे अडखळतील. अडखळू द्या.