चौथी तारीख

पेटंट कार्यालयाच्या सुनावणी अधिकारीबाईंनी हजेरीचा कागद पुढे ओढला आणि समोरच्या बाकाकडे पाहिलं. आक्षेप घेणारे रुग्ण सात. पहिल्या तारखेला सगळे दाटीवाटीने बसले होते. दुसऱ्या तारखेला पाच आले, तिसऱ्याला तीन. आज निवृत्त मास्तर एकटेच होते.

"बाकीचे?"

"आता मीच."

'गैरहजर' लिहायला टेकवलेलं पेन बाईंनी तसंच उचललं.

रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळीचं पेटंट संपलं होतं. कंपनीने गोळीचं आवरण तेवढं बदललं आणि नवं पेटंट मागितलं. निकाल लागेपर्यंत इतरांनी स्वस्त गोळी विकायची नाही, असा कोर्टाचा मनाई हुकूमही मिळवला. त्यामुळे निकालाची घाई कंपनीला नव्हती.

कंपनीचे वकील उठले. "मॅडम, आमचे तज्ज्ञ परदेशात अडकलेत. पुढची तारीख मिळावी."

"मागच्या वेळीही तेच अडकले होते."

"काय करणार? प्रवास त्यांच्या पाचवीलाच पुजलाय."

मास्तर हसले. "द्या तारीख, बाई. फक्त जवळची द्या. जन्मभर पोरांची हजेरी घेतली. आता माझीच खात्री नाही."

बाईंनी तारखांची वही मिटली.

"तारीख नाही. आजच ऐकते."

वकील जराही चिडले नाहीत. त्यांनी बॅगेतून एक लिफाफा काढून अलगद टेबलावर ठेवला, जणू तो कधी काढायचा हे आधीच ठरलेलं होतं.

"मग हे पाहावं लागेल. मुख्य कार्यालयाचं पत्र आहे. प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे वर्ग झालंय." मग घरच्या माणसासारखं हळूच म्हणाले, "यंदा आपल्या बढतीचंही आहे ना, मॅडम?"

बढतीचं बाईंनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांनी पेनाच्या टोकाने लिफाफा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"यावर आवक शिक्का नाही."

"शिक्क्याचं एवढं काय घेऊन बसलात?"

"शिक्का नाही, तोवर पत्र मला मिळालेलंच नाही. आवक खिडकी जेवणाच्या सुट्टीनंतर उघडते. अजून पाऊण तास आहे." लिफाफा त्यांनी वकिलांकडे सरकवला. "बोला, मास्तर. बसूनच बोला."

मास्तर बाकाला धरून उभे राहिले. त्यांचं पहिलं वाक्य पुरं होतंय तोच टेबलावरचा फोन वाजू लागला. वकिलांनी फोनकडे पाहिलं, मग बाईंकडे.

बाई मान खाली घालून लिहीत होत्या.